चाकामागचा दगड

अहमदपूर,
शनिवार, दुपार

प्रिय कौसल्या,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणे मला कधीच पटले नाही. आपण दोघांनीही आत्मा मानला नाही, पुनर्जन्म मानला नाही. तेव्हा हे पत्र पोहोचणार कोठे, असे तूच मला विचारले असतेस. त्यावर माझे उत्तर एवढेच, की व्याकरणात संबोधन नावाची एक विभक्ती आहे आणि ज्याला हाक मारायची तो समोर उभा असलाच पाहिजे, अशी अट तिने कोठेही घातलेली नाही. त्या सवलतीचा लाभ मी आज प्रथमच घेत आहे.

लिहिण्याचे कारण आपली गाडी. उद्या प्रज्ञाचे लग्न आहे. आपल्या मिलिंदची ती धाकटी लेक. तुझ्या मांडीवर बसून गाडीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने अक्षरे काढणारी. आता तिकडे नांदेडला बँकेत अधिकारी आहे. लग्न ठरले तेव्हा तिने फोन करून मला एकच गोष्ट मागितली. "आजोबा, मी लग्नाला आजीच्या गाडीतून जाणार."

मी म्हणालो, "त्या गाडीला ब्रेक नाहीत."

ती म्हणाली, "आजी असताना तरी कुठं होते?"

या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर असते.  आज सकाळी तो प्रश्न आपल्या अंगणात प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्याचा निकाल लावताना मला वारंवार तुझीच आठवण झाली. म्हणून सगळे क्रमाने सांगतो. तुला क्रम आवडत नसे. तू गोष्ट नेहमी मधूनच सुरू करायचीस. पण हे पत्र मी लिहीत आहे.

तुला आठवते, ती गाडी आपल्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. नांदेडच्या एका निवृत्त डॉक्टरांनी ती देताना "गाडी सज्जन आहे" असे म्हटले होते. सज्जनपणात ब्रेकांचा समावेश होत नाही, हे लोहा गाव येण्यापूर्वीच आपल्याला कळले. पाय एकदा दाबून ती थांबत नसे. दोनदा, तीनदा दाबावा लागे आणि मग ती उपकार केल्यासारखी थांबे. माझ्या बाजूचे दार डाव्या वळणावर आपोआप उघडे, म्हणून ते सुती दोरीने बांधलेले असे. तुझ्या पायाशी पत्रा गंजून भोक पडले होते. "बाई, रस्ता दिसतोय की खालून," असे म्हणून तू त्यावर पोत्याचा तुकडा टाकलास आणि विषय संपवलास. हँडब्रेक ओढला की वर येई, सोडला की खाली जाई, आणि या दोन्ही क्रियांचा गाडीवर काहीही परिणाम होत नसे.

हँडब्रेकची ती उणीव प्रथम कंधारला उघडी पडली. माझ्या बहिणीच्या दारात आपण गाडी उभी केली, उतरलो, आणि रिकामी गाडी आपली आपण उताराला लागली. मी तिच्यामागे धावत होतो. तू धावली नाहीस. तू रस्त्याकडेचा एक काळा दगड उचललास, पुढे गेलीस आणि चाकाखाली सरकवलास. एका बाजूने उतरता, हातात नेमका बसणारा दगड. गाडी थांबली. तू पदराने हात पुसत म्हणालीस, "हा दगड आता आपल्या घरचा."

तेव्हापासून आपली पद्धत ठरली. मी पाय ब्रेकवर दाबून धरायचा. तू दगड घेऊन उतरायचे, मागे जायचे, चाकाला लावायचा आणि म्हणायचे, "लावला." तो शब्द कानांवर पडल्यावरच मी पाय उचलायचा. तुझ्या आरोग्य उपकेंद्राच्या गावांतली माणसे हसत. "नर्सबाई आदी दगडाला उतरवती, मग मास्तरला," असे म्हणत. इतरांच्या गाड्यांना लिंबू-मिरची टांगलेली असे. आपल्या गाडीला काहीच नसे. कोणी विचारले, की तू दगड दाखवायचीस. "आमचं हे हाय."

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. इतक्या वर्षांत मी तुला दगड लावताना एकदाही पाहिले नाही. माझा पाय गुंतलेला, मान समोर. आरशात तुझ्या पांढऱ्या साडीचा काठ खाली वाकलेला दिसे, क्षणभर नाहीसा होई, आणि मग तो शब्द येई. तुझे गुडघे दुखू लागले होते, तेव्हाही काठ तसाच खाली वाकत होता. थोडा उशीर होई, इतकेच. तो उशीर माझ्या लक्षात येत असे. मग मी कधी विचारले का नाही?

नव्या गाडीचे आपण पुष्कळदा बोललो. पण तुझे उपकेंद्र आडबाजूला. एसटी मुख्य रस्त्यावर सोडून जाई आणि पुढची वाट पायांनी तुडवावी लागे. बाळंतपण काही एसटीचे वेळापत्रक पाहून येत नाही. ही गाडी थांबत नसली तरी निघत होती, आणि तुला निघण्याशी काम होते.

लातूर जिल्हा नवा झाला ते दिवस आठवतात? आपल्या तालुक्याच्या कागदांवरचे उस्मानाबाद जाऊन लातूर आले. मी वर्गात मुलांकडून जिल्ह्याचे नाव नव्याने घोटवून घेत होतो, आणि तू घरी बसून उपकेंद्राच्या छापील कागदांवरचे जुने नाव खोडत होतीस. वेडेवाकडे खोडत होतीस. मी तुला पट्टी दिली आणि एकाच सरळ रेषेने खोडायला सांगितले. तू पट्टी घेतलीस आणि म्हणालीस, "जिल्हा बदलला. पानी कुठं बदललं? ते न्हाईच हाय अजून."

ते खरे होते. पावसाने पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ दिसत होते आणि टँकर येईल तेव्हा येईल, अशी अवस्था होती. कोणाचे दिवस भरत आले, की तू घरी पाणी उकळून, गार करून, पत्र्याच्या डब्यांत भरून गाडीच्या मागच्या बाकावर ठेवायचीस. डब्यांना फडकी बांधायचीस. त्या पाण्याला घरात कोणी हात लावायचा नाही, मी सुद्धा नाही. मी एकदा त्यातले तांब्याभर गाडीच्या रेडिएटरसाठी मागितले, तर तू माझ्याकडे असे पाहिलेस, की मी तो तांब्या पुन्हा कधी उचलला नाही.

त्याच सुमारास तुझा भाऊ किशन भोकरकडून आपल्याकडे मुक्कामाला आला होता. मास्तराने मुलाची वही तपासावी तशी त्याने गाडी तपासली, आणि बोनेटखालच्या ब्रेक तेलाच्या डबीत तेल कमी आहे, असे त्याला आढळले. ते तेल अहमदपुरात तेव्हा मिळत नसे. मी लातूरला गेल्यावर आणणार होतो. किशनने तितकी वाट पाहिली नाही. त्याने काय केले, हे आपल्याला पुढे कळले.

काही दिवसांनी गावातून निरोप आला आणि आपण निघालो. बालाघाटचा तो उतार तुला पाठ होता. वळण ओलांडले, मी ब्रेक दाबला, आणि पाय तळापर्यंत गेला. पुन्हा दाबला. पुन्हा तळापर्यंत. मागे पाण्याचे डबे, त्यांचे वजन गाडीला पुढे लोटत होते.

"ब्रेक लागत नाही," मी म्हणालो.

"ध्यानात आलंय माज्या. गेर खाली घ्या."

मी गिअर खाली घेतला. गाडी किंचाळली, वेग थोडा तुटला, पण उतार संपत नव्हता. आणि खाली नदीवरच्या फरशी पुलावर टँकरची वाट पाहत बायका उभ्या होत्या. घागरी रस्त्यावर, पोरे रस्त्यावर. मी हॉर्न वाजवला. कोणाला वाटले टँकर आला, आणि त्या बायका बाजूला होण्याऐवजी पुढेच आल्या.

तू ओरडली नाहीस. घरात "मीठ द्या" म्हणावे, तितक्याच आवाजात म्हणालीस, "डावीकडं. वाळू हाय."

मी डावीकडे वळवली. दोरी तुटून माझे दार उघडले. गाडी काठावरून कोरड्या नदीच्या पात्रात उतरली आणि वाळूत रुतून थांबली. त्या वर्षी नदीला पाणी असते तर आपण दोघेही उरलो नसतो. ज्या दुष्काळाला सगळा मुलूख शिव्या देत होता, त्याचा एवढा एक उपकार माझ्यावर आहे, आणि तो मी आजपर्यंत कोणाजवळ बोललेलो नाही.

तुझा पहिला शब्द होता, "पानी सांडलं का?" तू मागे वळून फडकी चाचपलीस. सांडले नव्हते. मग तू पायाशी वाकलीस, दगड घेतलास, दार उघडलेस, वाळूत उतरलीस आणि मागे गेलीस. मला वाटले, तुला काही लागले आहे. मी तसाच, पाय ब्रेकवर दाबून बसलेला. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. आणि मागून शब्द आला.

"लावला."

चाके अर्धी वाळूत गेली होती, कौसल्या. चार बैल लावले असते तरी गाडी हलली नसती. मी उतरून तुला विचारले, "आता दगड कशाला?"

तू म्हणालीस, "ह्या गाडीचा काय भरवसा?"

त्या पात्रात आपण दोघे किती हसलो, आठवते? घागरी घेऊन आलेल्या बायका आपल्याकडे भुते पाहावीत तशा पाहत राहिल्या. मग तू एक डबा डोक्यावर घेतलास, दुसरा मी खांद्यावर घेतला, आणि आपण गावात गेलो. मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या.

परत आलो तेव्हा अर्धे गाव नदीत उतरले होते. जनावरे चारा छावणीत, म्हणून माणसांनीच खांदे लावले. गाडी इंच-इंच वर चढत होती आणि एक म्हातारी घाम पुसत म्हणाली, "मास्तर, ही गाडी पेट्रोलवर चालती का मानसावर?"

मी काही बोलण्याआधी तू म्हणालीस, "मानसावरच चालती, मावशे. म्हनून तर टिकली. ढकला."

पुढे लातूरच्या गॅरेजमधल्या उस्तादांनी ब्रेक उघडले. आतली रबरे फुगून बोटाएवढी झाली होती. त्यांनी बोट बुडवून हुंगले आणि माझ्याकडे पाहिले. "सर, ये ब्रेक का तेल है या भजिये तलने का?"

करडईचे तेल. किशनने ओतलेले. तू विचारलेस तेव्हा तो किती अभिमानाने बोलला होता! "घान्याचं हाय, ताई. बाजारातलं न्हाई. तुज्या गाडीला हलकं तेल घालीन का मी?"

तू हसलीस. त्याच्या पाठीवर हात ठेवलास आणि त्याला जेवायला वाढलेस. याबद्दल मी तुझ्यावर पुष्कळ दिवस रागावलो होतो, आणि आजही थोडा रागावलेला आहे. ज्याच्या अज्ञानामुळे आपण दोघे, आणि पुलावरच्या त्या सगळ्या बायका, मरणाच्या दारात गेलो, त्याला एक शब्दही बोलायचा नाही? मी रात्री तसे विचारले. तू भाकऱ्यांचे पीठ झाकून ठेवत म्हणालीस, "त्याच्या घरी भाजीला फोडनी न्हाई. बिनतेलाचं खाऊन राहिलेत समदे. हुतं तेवढं तेल त्यानं माज्या गाडीत ओतलं. काय बोलू त्याला?"

 मला ते पटले मात्र नाही. प्रेमाने ओतले म्हणून त्या तेलाचे ब्रेक तेल होत नाही.

उस्तादांनी नवी रबरे बसवली. हँडब्रेकची तार त्यांच्याकडे नव्हती. पुढे कोणाकडेच नसे. दगड तसाच राहिला.

तुझे शेवटचे जाणे मात्र त्या गाडीतून झाले नाही. रुग्णवाहिका आली. नवी होती, तिचे ब्रेक उत्तम होते. नांदेडच्या दवाखान्याच्या दारात ती एका झटक्यात थांबली, आणि तू डोळे न उघडता विचारलेस, "दगड?" सोबतच्या मुलाला वाटले, तू भ्रमात आहेस. मी तुझ्या कानाशी वाकून म्हणालो, "लावला." तू मान हलवलीस. चुकीचे वाक्य मी उच्चारत नाही, हे तू जन्मभर थट्टेने सांगत आलीस. ते वाक्य व्याकरणाने शुद्ध होते. खरे मात्र नव्हते.

त्यानंतर मी गाडी चालवली नाही. ताडपत्री घालून अंगणाच्या कोपऱ्यात उभी केली. लोक म्हणाले, सरांनी वयामुळे सोडली. मीही तसेच सांगितले. पाय उचलायचा कधी, हे सांगणारे कोणी नसेल तर माणसाने बसून काय करावे?

आता आजची सकाळ.

किशन दोन दिवसांपूर्वीच आला. तोही आता काठी टेकून चालतो, पण गाडी पाहिली की काठी विसरतो. नवी बॅटरी आणली, पेट्रोल आणले, तारा जोडल्या. मी म्हणालो, "ब्रेक तपासल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही."

"दाजी, तुमी दर वाक्याला ब्रेक मारता. गाडीला येगळे कशाला पायजेत?"

मंडपवाले हसले. मीही हसलो असेन. प्रज्ञा बसून पाहणार होती. पण तिच्या हातांवर ओली मेंदी, दार उघडता येईना. ती किशनला म्हणाली, "आबा, तुम्ही एक चक्कर मारा, तोवर वाळंल." केवळ त्या मेंदीमुळे ती बाहेर राहिली, हे लक्षात ठेव.

गाडी चालू झाली. एवढ्या वर्षांनी तो आवाज ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. खोटे कशाला बोलू? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी फाटकाकडे निघाली. किशनने ब्रेक दाबला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले, कारण गाडीवरून काहीच कळत नव्हते. ती शांतपणे मंडपवाल्याच्या खुर्च्यांवर गेली, पाण्याचा रांजण फोडून कडुलिंबाला जाऊन टेकली. खुर्च्या रिकाम्या होत्या. थोड्या वेळापूर्वी तेथे मिलिंदची सासू बसली होती.

किशन उतरला. "काय न्हाई, दाजी. झाडच मधी आलं."

"झाड आपल्या आधीपासून तेथे आहे," मी म्हणालो.

मग मी वाकून खाली पाहिले. ब्रेकचा पाइप चाकाजवळ इतका गंजला होता, की बोट लावताच त्याची पापडी पडली. किशन म्हणाला, "लातूरहून किट आनतो. सांजपत्तोर बसवून देतो. भाचीच्या पोरीचं लगीन हाय, दाजी, मला एवढं करू द्या." भाच्याची पोर, असे मी त्याला सांगितले नाही. पाइपाचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणालो, "नवे रबर या पाइपात बसवून काय होईल? अंगणात थांबली नाही, ती मोंढ्याच्या बाजाराकडच्या उतारावर थांबेल का? ही गाडी रस्त्यावर जाणार नाही."

किशन त्या तुकड्याकडे पाहत राहिला.  मग हळूच म्हणाला, "त्या साली पन माज्यामुळंच झालं ना हे?" इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच विचारले. माझ्या जिभेवर उत्तर तयार होते, व्यवस्थित, सोदाहरण. पण तू त्याच्या पाठीवर ठेवलेला हात मला दिसला. मी म्हणालो, "तेल उत्तम होते, किशन. गाडी त्या लायकीची नव्हती." शाबासकी दे मला.

प्रज्ञा पायरीवर बसली होती. रडत नव्हती. मेंदीचे हात पुढे धरून नुसती बसली होती, आणि ते मला रडण्यापेक्षा जड गेले. गाडी झाडावरून मागे घेऊन कोठे तरी रोखायची होती, म्हणून मी तुझ्या बाजूचे दार उघडले आणि पोत्याच्या तुकड्याखाली हात घातला. दगड तेथेच होता. तू ठेवलास तसाच, उतरती बाजू वर.

"हाच ना तो?" प्रज्ञा उठून आली. "आजी मला उचलू द्यायची नाही. पायावर पडंल म्हणायची."

"जड आहे," मी म्हणालो.

"आजोबा, मला गाडीत मिरवायचं नाही. नवी गाडी दारात उभी आहे, मला कळतं. पण त्या गाडीत आजी कधी बसली नाही. मला वाटलं, हिच्यातून गेले तर ती बरोबर आली असं होईल. बस, एवढंच होतं."

तिला मी नदीची गोष्ट सांगितली. तिने ती कधी ऐकली नव्हती. तू सांगितली नाहीस, आणि मी सांगितली असती तर ब्रेकांवर व्याख्यान झाले असते. म्हातारीचा प्रश्न सांगितला. तुझे उत्तर सांगितले. मानसावरच चालती.

ती माझ्याकडे पाहू लागली. "मग ढकलायची?"

किशन दचकला. "नवरीची गाडी ढकलत? लोक काय म्हनतील?"

"लोकच ढकलणार ना, आबा," प्रज्ञा म्हणाली. "म्हणायला मोकळं कोण राहील?"

मी लगेच होकार दिला नाही. छडी घेतली आणि घरापासून विहारामागच्या सभागृहापर्यंत चालत जाऊन आलो. मोंढ्यावरून जवळ पडते, पण तेथे उतार आहे. शाळेमागचा रस्ता लांबचा, तरी तळहातासारखा सपाट. त्याच रस्त्याने न्यायची. बॅटरी मी स्वतः काढून खोलीत ठेवली आहे आणि पेट्रोल काढून घेतले आहे. कोणाला उत्साह आला तरी इंजिन चालू होणार नाही. गाडी चालेल ती माणसाच्या पावलाने. पुढे कोणी नाचायचे नाही. नाचायचे असेल तर मागे नाचावे. चाक प्रज्ञाच्या हाती. पांढऱ्या साडीत नवरी स्टिअरिंगवर बसलेली अहमदपूर प्रथमच पाहील. नवरदेव फोनवर म्हणाले, "मी ढकलतो." मुलगा बरा दिसतो.

तरीही सपाट रस्त्याचाही भरवसा मी धरत नाही. तूच शिकवलेस ते. गाडीच्या मागच्या बाजूला विहिरीचा जाड नाडा बांधला आहे, आणि तो ताणून धरायला मिलिंदचे चार मित्र. नाड्याचे मोकळे टोक मात्र किशनच्या हाती दिले. त्याला सांगितले, "उद्या या गाडीचा ब्रेक तू." तो दुपारपासून नाडा मांडीवर घेऊन बसला आहे. गाठी सोडतो, पुन्हा मारतो. मला विचारत होता, गाठीला तेल लावू का. मी नको म्हणालो.

उरला दगड. त्यासाठी तीन-चार तरुण पुढे आले. मी कोणालाही दिला नाही.

हे तुला दिलेले वचन समज. उद्या मी गाडीच्या मागे चालेन, नाडा धरणाऱ्यांच्या पुढे, तुझ्या बाजूच्या चाकाजवळ. सभागृहाच्या दारात गाडी उभी राहील. प्रज्ञाला सांगून ठेवले आहे, की माझा शब्द ऐकू येईपर्यंत स्टिअरिंग सोडायचे नाही आणि उठायचे नाही. मग मी वाकेन. माझे गुडघे तुझ्यासारखेच झाले आहेत. थोडा उशीर होईल. तो उशीर सगळ्यांना सोसावा लागेल. दगडाची उतरती बाजू चाकाकडे सरकवेन, हाताने दाबून पाहीन, आणि उठून मोठ्याने म्हणेन, "लावला."

या वेळी तो खरोखर लावलेला असेल.

तुझा,
दामोदर